डोक्याचा मार आणि न भागणारी तहान

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, आमचा अकोले तालुका लहान आहे, नाव सांगितलं की घर कळतं. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो आणि मराठीचा तास चुकवण्याच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत. हा मुलगा तासात दोन-तीनदा हात वर करायचा. "सर, पानी पीके आऊं?" परत आला की पाच-दहा मिनिटांत, "सर, बाथरूम." असं पंधरा दिवस चाललं. एके दिवशी मी ठरवलं की आज याला जाऊ द्यायचं नाही. "तास संपू दे, मग जा." तास संपायच्या आत त्याची पँट ओली झाली. मुलं हसली. मीही काही फार चांगलं बोललो नाही.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची दादी त्याला घेऊन शाळेत आली. भांडायला आली असेल असं मला वाटलं, पण ती भांडली नाही. म्हणाली, "सर, ये रात को भी चार-पाँच बार उठता है. सिरहाने का घड़ा खाली कर देता है. रमज़ान में एक रोज़ा नहीं रख पाया, पिछले साल तो दस रखे थे." शुगर तपासून झाली होती, ती नॉर्मल आली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि मुलाला सवय लागली आहे, ती जाईल, असं सगळ्यांनी मानलं. बोलता बोलता तिने सहज सांगितलं की दोन-अडीच महिन्यांपूर्वी राजूर रस्त्याच्या एका वळणावर तो चाचाच्या मोटरसायकलवरून पडला होता. डोक्याला टाके पडले, एक रात्र दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. जखम भरली तसा विषय मिटला. डोक्यावरची जखम आणि रिकामा होणारा घडा यांचा संबंध दादीने लावला नाही, शुगर तपासणाऱ्याने लावला नाही आणि मी तर मुलाला शिक्षाच केली होती. पुढे नाशिकला एका बालरोगतज्ज्ञांनी मुलाच्या लघवीची बाटली उजेडात धरली, पाण्यासारखी दिसली, आणि पहिला प्रश्न विचारला, "याच्या डोक्याला कधी मार लागला होता का?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. मी डॉक्टर नाही. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता, पण डोक्याला मार लागलेल्या मुलाबद्दल त्यात एक ओळ आठवत नाही. जे मिळालं ते वाचत गेलो. वाचताना लक्षात आलं की डोक्याचा मार डोक्यापुरता राहत नाही ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून थोडी थोडी ठाऊक होती. तुकडे वेगवेगळ्या लोकांच्या हातात होते, ते जोडले गेले नव्हते, इतकंच.

सगळ्यात जुना तुकडा इजिप्तचा. लक्सरला १८६२ मध्ये एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने एक पपायरस विकत घेतला. त्याचं भाषांतर व्हायला १९३० साल उजाडलं. ही प्रत ख्रिस्तपूर्व १६०० च्या आसपासची आहे. त्यात ४८ रुग्णांची हकिगत आहे आणि पहिली २७ प्रकरणं डोक्याच्या जखमांची. एका रुग्णाची कवटी आतून फुटलेली आहे, वर कातडीला जखम नाही, पण डोळा तिरका झालाय आणि तो पाय ओढत चालतो. मानेचा मणका सरकलेल्या दुसऱ्या एकाला हातापायांची जाणीव नाही आणि त्याची लघवी थेंब थेंब गळते. लिहिणाऱ्याला मेंदू कसा चालतो हे माहीत नव्हतं. पण जखम एकीकडे आणि बिघाड दुसरीकडे, हे त्याने पाहिलं आणि जसं पाहिलं तसं लिहून ठेवलं.

ग्रीकांच्या हिप्पोक्रेटिसच्या नावावर डोक्याच्या जखमांवर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. जखम डावीकडे असेल तर झटके उजव्या अंगाला येतात, हे त्यात आहे. मला त्यातली मुलांबद्दलची नोंद महत्त्वाची वाटते. मुलांची हाडं पातळ आणि मऊ असतात, त्यांत रक्त जास्त असतं, म्हणून त्याच शस्त्राने तसाच घाव बसला तरी मुलाचं हाड मोठ्यांच्या हाडापेक्षा लवकर पिकतं, असं तो लेखक सांगतो. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, ही समज इतकी जुनी आहे. आपल्याकडे बाळाची टाळू भरणाऱ्या बायांनाही ती आहे. सुश्रुताने शरीरावर १०७ मर्मं मोजली. ज्या १९ मर्मांवर घाव बसला की तत्काळ प्राण जातो असं तो मानतो, त्यांत डोक्यावरची बरीच आहेत.

अरबी वैद्यकाकडे मी जरा आपुलकीने जातो, हे कबूल करतो. इसवी सन ९२५ च्या सुमारास वारलेल्या राझीने डोक्याला हादरा बसणं आणि मेंदूला प्रत्यक्ष जखम होणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कवटी शाबूत, रक्त नाही, तरी माणूस काही काळ भानावर नाही, हा हादऱ्याचा प्रकार. स्पेनमध्ये कुर्तुब्याजवळ राहणाऱ्या जहरावीने आपल्या मोठ्या ग्रंथाचा शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेला दिला. फुटलेल्या कवटीचं हाड काढण्यासाठी तो एक खास गिरमिट सांगतो. त्याच्या टोकाच्या मागे कडं असतं, त्यामुळे ते हाडातून आरपार जाऊन मेंदूत रुतत नाही. हजार वर्षांपूर्वी एका सर्जनला ही काळजी वाटली, हे वाचून मला बरं वाटलं.

पण माझ्या विद्यार्थ्याचा घडा इब्न सीनाकडे सापडला. खूप तहान आणि खूप लघवी या दुखण्याला ग्रीकांनी डायबेटीस हे नाव दिलं, म्हणजे एका बाजूने आलेलं पाणी दुसऱ्या बाजूने वाहून नेणारी नळी. इब्न सीनाने यासाठी आणखी एक शब्द वापरला, दूलाब. दूलाब म्हणजे पाणी ओढणारं चाक, आपला रहाट. इकडून भरायचं, तिकडे ओतायचं, थांबायचं नाही. चार-पाच वेळा उठून घडा रिकामा करणाऱ्या मुलासाठी याहून नेमका शब्द मला मराठीतही सापडलेला नाही. युनानी हकीम आजही या दुखण्याचे दोन प्रकार सांगतात, ज़ियाबीतुस शकरी आणि ज़ियाबीतुस सादा. एकात साखर, दुसऱ्यात नुसतं पाणी. आयुर्वेदातही वीस प्रमेहांमध्ये मधुमेहापासून वेगळा उदकमेह आहे, स्वच्छ, थंड, वास नसलेली, पाण्यासारखी लघवी. युरोपात हा फरक नीट मांडला गेला तो १७९४ मध्ये, योहान पेटर फ्रांक याच्याकडून. आमच्याकडे मात्र आज "शुगर नाही" म्हटलं की विषय संपतो. दुसरा प्रकार असतो हे नावच बाजूला पडलं.

नाव होतं, पण याचा डोक्याशी काय संबंध हे कोणालाच माहीत नव्हतं. तो धागा पॅरिसमध्ये सापडला, आणि तोही जरा अपघाताने. क्लोद बर्नार याने १८४९ मध्ये सशांच्या मेंदूच्या तळाशी, जिथे तो मज्जारज्जूला मिळतो त्या भागात, सुई टोचली. थोड्या वेळात सशाच्या लघवीत साखर आली. मेंदूला टोचलं आणि यकृतातली साखर रक्तात उतरली! त्याहून नवल म्हणजे सुई किंचित वेगळ्या जागी लागली की साखर यायची नाही, नुसती लघवी वाढायची. शकरी आणि सादा, दोन्ही प्रकार एका सुईच्या टोकावर. ही सुई म्हणजे एका अर्थी मुद्दाम केलेली, मोजून केलेली मेंदूची जखमच होती.

मग १९१२ साल आलं. आल्फ्रेड फ्रांक या जर्मन डॉक्टरकडे असा रुग्ण होता, ज्याने स्वतःच्या कानशिलात गोळी मारून घेतली आणि तो वाचला. वाचला, पण तहान आणि लघवी थांबेना. क्ष-किरणात दिसलं की गोळी पिट्यूटरी ग्रंथीच्या जागी अडकून बसली आहे. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, मेंदूच्या खाली हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. त्या खोबणीचं लॅटिन नाव 'सेला टर्सिका', म्हणजे तुर्की खोगीर. दुसऱ्याच वर्षी इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन व्हेल्डेन यांनी प्राण्यांच्या याच ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क अशा रुग्णांना टोचला आणि लघवी कमी झाली. पुढे कळलं की तो रस प्रत्यक्षात ग्रंथीच्या वर, मेंदूतच तयार होतो आणि एका बारीक देठातून खाली उतरतो. मोटरसायकलवरून पडलेल्या मुलाचा मेंदू कवटीत पुढेमागे हिसकतो, तेव्हा ताण येतो तो या देठावर. वर फळ, खाली फळ आणि मध्ये देठ, अशी रचना असली की हिसक्यात काय तुटतं हे आंब्याच्या दिवसांत झाडाखाली उभं राहिलेल्या कोणालाही सांगता येईल. या रसाची, व्हॅसोप्रेसिनची, रासायनिक घडण उलगडून तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांना १९५५ चं नोबेल मिळालं. आता त्याच्यासारखं औषध नाकात मारायच्या फवाऱ्याच्या किंवा गोळीच्या रूपात मिळतं.

प्रवरेच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्यांना मूत्रपिंडाचा यातला वाटा समजावून सांगणं सोपं आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून आपल्याकडे पाटाच्या पाण्याचा हिशेब आहे. पाटकरी दार खाली करतो तो वरून निरोप आल्यावर. निरोपच आला नाही तर दार उघडंच राहतं आणि पाणी वाहून जातं. पाटकरी आळशी नसतो, दारही मोडलेलं नसतं. या मुलाची मूत्रपिंडं ठणठणीत होती. "पाणी अडव" ही चिठ्ठी वरून यायची बंद झाली होती.

हे झालं पाण्याचं. बाकीच्या अवयवांची गोष्ट हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनशिवाय सांगता येत नाही. १९०१ च्या सुमारास तो स्वित्झर्लंडमध्ये बर्नला शिकत होता. कुत्र्यांच्या कवटीत दाब वाढवला की काय होतं हे तो पाहत होता. कवटीतला दाब वाढला की रक्तदाब वर जातो आणि नाडी मंद होते, हे त्याने दाखवलं. आतून दाबल्या गेलेल्या मेंदूला रक्त पुरावं म्हणून शरीर जोर लावतं आणि हृदय सावकाश, दणदणीत ठोके टाकतं. इथे आमच्यासारख्यांची फसगत होते. पडलेल्या मुलाचं मनगट धरून कोणीतरी म्हणतं, "नाडी शांत चालली आहे, काळजी नको." झोपाळलेल्या मुलाची अशी शांत नाडी ही उशिरा आलेली, वाईट खूण असू शकते.

याच कुशिंगने १९३२ मध्ये एक लेख लिहिला. मेंदूतल्या गाठी काढल्यावर त्याचे तीन रुग्ण दगावले होते, आणि तेही डोक्यामुळे नव्हे, जठराला भोक पडून. ऑपरेशन डोक्याचं आणि फुटलं पोट. मेंदूच्या मध्यातून जठराला जाणारी आज्ञा बिघडली की आम्ल वाढतं, अशी त्याने मांडणी केली. जखमी मेंदूच्या रुग्णाच्या जठरातल्या या व्रणाला आजही त्याचं नाव आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाला अतिदक्षता विभागात आम्ल कमी करणारं औषध देताना पाहून नातेवाईक विचारतात, "पोटाचं औषध कशाला, मार तर डोक्याला आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर १९३२ चं आहे.

फुप्फुसांची गोष्ट युद्धांनी शिकवली. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी लागलेले काही सैनिक थोड्याच वेळात तोंडाला फेस येऊन गेले. छातीला ओरखडा नव्हता, पण फुप्फुसं पाण्याने भरलेली होती. १९१८ मध्ये फ्रान्समधून याची नोंद झाली. कारण असं की जखमी मेंदूतून मज्जासंस्थेचं एक वादळ सुटतं, अॅड्रेनालिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि पाणी फुप्फुसांत झिरपतं.

हे वादळ महाराष्ट्राला दुसऱ्या एका दाराने ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्या मुलांच्या उशाशी रात्रभर बसत. विंचू चावतो पायाला आणि मूल जातं फुप्फुसात पाणी होऊन, हृदय थकून. विषामुळे तीच द्रव्यं उसळतात, हे ओळखून त्यांनी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध वापरलं. त्यांचं हे काम १९८२ आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि कोकणातल्या मुलांचे मृत्यू खूप कमी झाले. डोक्याच्या माराला तेच औषध चालतं असं मी म्हणत नाही, कोणी तसं समजू नये. पण वादळाची जात एक आहे. आमच्या डोंगरपट्ट्यात भात कापताना, दगड उचलताना विंचू चावलेलं मूल ज्याने घामाने थबथबलेलं, गार पडलेलं पाहिलं आहे, त्याला मेंदूच्या माराने छाती कशी बिघडते हे वेगळं सांगायला नको.

आणखीही आहे, ते भरभर सांगतो. मेंदूच्या पेशीजालात रक्त गोठवणारं द्रव्य भरपूर असतं. मेंदूला इजा झाली की ते रक्तात मिसळतं, रक्त नको तिथे गोठतं आणि मग हवं तिथे गोठायला शिल्लक राहत नाही. गिळण्याचं भान गेलं की लाळ आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. शरीराची रोगाशी लढण्याची ताकद काही दिवस उतरते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने इतकं मोठं असतं की टाळूच्या कातडीखाली आणि कवटीत साचलेल्या रक्तानेच त्याचा रक्तदाब पडू शकतो. मोठ्या माणसात असं सहसा होत नाही.

मुलांत एक गोष्ट मात्र सावकाश होते आणि म्हणून निसटते. त्याच पिट्यूटरीतून वाढीचा रस येतो आणि वयात येण्याची घडीही तिथूनच लागते. मार लागल्यावर काही मुलांची उंची अडते, काही मुली फार लवकर वयात येतात, काहींना उशीर होतो. हे दिसायला महिने, कधी वर्षं जातात. तोवर टाक्यांची खूण केसांत लपलेली असते आणि फाईल हरवलेली असते. उंची मोजणारा कोण? शाळा. वर्षातून एकदा आम्ही मुलांना भिंतीला उभं करतो, सेंटिमीटर लिहितो, आणि ते रजिस्टर कपाटात जातं. गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी या वर्षीचा आकडा ठेवून कोणी पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

शाळेत आम्ही बादशहा हुमायूनचा मृत्यू शिकवतो. जानेवारी १५५६, दिल्लीतल्या शेर मंडलच्या पायऱ्या, अज़ान ऐकून खाली वाकताना झग्यात अडकलेला पाय, आणि दोन-तीन दिवसांनी मृत्यू. मुलं विचारतात, "सर, पडला तेव्हाच का नाही मेला?" पूर्वी मी म्हणायचो, नशीब. आता सांगतो की पहिला घाव पडण्याचा असतो. दुसरा त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत आतून बसतो, सूज, रक्तस्राव, श्वास, रक्तदाब यांचा. वैद्यकाची गेल्या शंभर वर्षांची सगळी धडपड या दुसऱ्या घावासाठी आहे. वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये भारतातला पहिला मेंदूशस्त्रक्रिया विभाग सुरू केला. पुढे मुंबईत डॉ. राम गिंडे आणि केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी हे काम उभं केलं. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये शुद्ध मोजायची पट्टी दिली, डोळे उघडतो का, बोलतो का, हात हलवतो का, तीन ते पंधरा गुण. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्यांदा माणसाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तोवर बंद कवटीच्या आत रक्त कुठे साचलंय हे सरळ पाहता येत नव्हतं. आणि जबर मार लागलेल्या मुलांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं निघाली ती थेट २००३ मध्ये. हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने मूल पुन्हा वेगळं मोजलं गेलं.

आमच्या तालुक्यात मुलं पडतात ती हिरड्याच्या, जांभळाच्या झाडावरून, स्लॅबवर पतंग उडवताना, आणि आता सर्वांत जास्त दिसतात ती मोटरसायकलवर टाकीपुढे बसलेली. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, हे २०१९ पासून कायद्यात आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम २०२२ मध्ये निघाला. बाजाराच्या दिवशी अकोल्याच्या रस्त्यावर उभं राहून असं एक हेल्मेट मोजून दाखवा. माझ्या स्वतःच्या मुलाचं हेल्मेट मी या मुलाच्या प्रकरणानंतर घेतलं, त्याआधी नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. औषध चालू आहे. रोज़े ठेवू नकोस, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. दादीला ते मानवायला वेळ लागला, पण आजारी माणसाला सूट आहे हे तिलाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तो दाराजवळच्या बाकावर बसतो, बाटली जवळ ठेवतो आणि बाहेर जाताना विचारत नाही. त्याची माफी मी वर्गासमोर मागितली होती. वर्गासमोर हसू झालं होतं, म्हणून. त्या दिवशी मी मुलांना बर्नारच्या सशांची गोष्टही सांगितली. सगळ्यांना साखरेची गंमत वाटली. त्याने एकट्याने हात वर केला.

"सर, वो खरगोश अच्छा हुआ क्या?"

मी म्हणालो, साखर काही तासांत गेली. ते खरं आहे. पुढचं मी सांगितलं नाही.